अहवालातील आकडा आणि देहाची स्मृती

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोरोनाप्रतिबंधक लसीकरणाला प्रारंभ झाला, तेव्हा ३,००६ केंद्रांवरील पहिल्या रांगा आरोग्यसेवकांच्या होत्या. मध्य प्रदेशची राजधानी असलेल्या भोपाळमध्येही डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांच्यापासूनच या मोहिमेची सुरुवात झाली. १३ फेब्रुवारीपासून त्यांना दुसरी मात्रा मिळू लागली आणि ती पचनी पडते न पडते तोच दुसरी लाट येऊन धडकली. त्याच सुमारास देशभरातील रुग्णालयांत एक नवा कागद हातोहात फिरू लागला. तो होता प्रतिपिंड तपासणीचा अहवाल. एकीच्या अहवालात ४० हा आकडा, तर तिच्याच पाळीत काम करणाऱ्या दुसरीच्या अहवालात ४००. दोघींनी लस घेतलेली एकच, तीही एकाच दिवशी. मग चाळीसवालीने अतिदक्षता विभागात जाऊ नये काय? आणि चारशेवालीने मुखपट्टी सैल केली तर चालेल काय?

प्रश्न साधा वाटतो. मात्र त्याचे उत्तर शोधताना विज्ञानाला दोन वर्षे आरोग्यसेवकांच्या रक्ताचे नमुने पुनःपुन्हा तपासावे लागले. या उत्तराचे सार असे की, अहवालातील आकडा आणि शरीराला लाभलेले संरक्षण यांचे नाते आहे. परंतु ते तराजूच्या दोन पारड्यांसारखे सरळ नाही.

भोपाळची विवंचना

भोपाळसाठी हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा नव्हता. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथिल आयसोसायनेट वायूने या शहरातील लाखो लोकांची फुफ्फुसे कायमची दुबळी केली. एप्रिल २०२० मध्ये शहरात कोरोनाचे पहिले बळी नोंदले जाऊ लागले, तेव्हा त्यांत गॅसपीडितांचे प्रमाण मोठे असल्याकडे त्यांच्या संघटनांनी लक्ष वेधले होते. गॅसपीडितांसाठी उभारलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय प्रारंभी कोरोना उपचारांसाठी राखून ठेवण्यात आले आणि या रुग्णांची गैरसोय पुढे आल्यावर काही आठवड्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

अशा शहरात एखादी परिचारिका बाधित झाली, तर ती केवळ स्वतः आजारी पडत नाही. तिची पाळी रिकामी राहते आणि तिच्यामार्फत विषाणू आधीच धाप लागणाऱ्या रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचू शकतो. आरोग्यसेवकांना लस आधी देण्यामागे कृतज्ञतेपेक्षा हा व्यवहारी हिशेब मोठा होता. त्या हिशेबाची किंमतही देशाने पाहिली. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नोंदीनुसार दुसऱ्या लाटेत सातशेहून अधिक डॉक्टरांनी प्राण गमावले.

सर्वांत आधी लस मिळालेला हा वर्ग अभ्यासासाठीही सोयीचा ठरला. त्याची लस घेतल्याची तारीख नेमकी ठाऊक होती, ठराविक अंतराने रक्ताचा नमुना घेणे शक्य होते आणि विषाणूशी त्याची गाठ रोजच पडत होती. लस शरीरात काय घडवते आणि ते किती काळ टिकते, हे भारताला प्रथम कळले ते या वर्गाकडून.

दंडात टोचल्यानंतर

भारतात मुख्यतः दोन लशी वापरल्या गेल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या कोविशील्डमध्ये चिंपांझींना होणाऱ्या सर्दीचा एक निरुपद्रवी केलेला विषाणू वाहकाचे काम करतो. कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावरील काटेरी प्रथिन, म्हणजेच ‘स्पाइक’, तयार करण्याची सूचना तो आपल्या पेशींपर्यंत नेतो. हैदराबादच्या भारत बायोटेकने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या सहकार्याने बनवलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये मात्र संपूर्ण कोरोना विषाणूच असतो. तो रसायनाने निष्क्रिय केलेला असल्याने त्याची वाढ होऊ शकत नाही.

दोन्ही लशींचा पुढचा प्रवास सारखा आहे. दंडाच्या स्नायूत शिरलेला हा परका अंश पहारेकरी पेशी उचलतात आणि जवळच्या, बहुधा काखेतल्या, लसिका ग्रंथीत नेऊन दाखवतात. तेथे त्या आकाराशी जुळणाऱ्या बी-पेशींची निवड होते. निवडलेल्या पेशी झपाट्याने वाढतात आणि त्यांतून अधिकाधिक घट्ट पकड असलेल्या पेशी पुढे येतात. त्यांपैकी काहींचे रूपांतर प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींत होते. काही पेशी अस्थिमज्जेत जाऊन दीर्घकाळ मुक्काम करतात, तर काही स्मृतिपेशी होऊन शरीरभर संचार करीत राहतात. याच वेळी टी-पेशींची दुसरी फळीही उभी राहते. तिच्यातील काही पेशी बी-पेशींना साहाय्य करतात, तर काही विषाणूने ग्रासलेल्या पेशी हुडकून नष्ट करतात.

प्रयोगशाळेतील नेहमीची तपासणी या साऱ्या पसाऱ्यातील एकच गोष्ट मोजते. त्या क्षणी रक्तात तरंगणारी प्रतिपिंडे तेवढी तिला दिसतात. अस्थिमज्जेतील पेशी, स्मृतिपेशी आणि टी-पेशी तिच्या नजरेबाहेर राहतात. गावात फिरणारे शिपाई मोजून पोलीस ठाण्यात किती मनुष्यबळ आहे, हे ठरवण्यासारखाच हा प्रकार आहे.

आरोग्यसेवकांनी दिलेले आकडे

भारतीय आरोग्यसेवकांमधील प्रतिसादाचे पहिले व्यापक चित्र २०२१ मध्ये १३ राज्यांतील २२ शहरांत झालेल्या एका पाहणीतून समोर आले. दोन्ही मात्रा घेतलेल्या ५१५ आरोग्यसेवकांपैकी ९५ टक्के जणांच्या रक्तात स्पाइकविरोधी प्रतिपिंडे आढळली. कोविशील्ड घेतलेल्या ४२५ जणांत हे प्रमाण ९८.१ टक्के, तर कोव्हॅक्सिन घेतलेल्या ९० जणांत ८० टक्के होते. पातळीतही अंतर होते. कोविशील्ड गटाचा मध्यक ११५ एकके, तर कोव्हॅक्सिन गटाचा ५१ एकके इतका होता.

हे आकडे प्रसिद्ध होताच एक लस सरस आणि दुसरी निकृष्ट असा निवाडा अनेकांनी देऊन टाकला. तो घाईचा होता. एक तर दोन्ही गटांचे आकारमान फार भिन्न होते आणि लशींची समोरासमोर तुलना करण्यासाठी ही पाहणी आखलेलीच नव्हती. दुसरे असे की, चाचणी मोजत होती ती केवळ स्पाइकविरोधी प्रतिपिंडे. कोविशील्डचा सारा रोख स्पाइकवरच असतो. कोव्हॅक्सिनमधील संपूर्ण विषाणूमुळे शरीर त्याच्या इतर भागांविरुद्धही, विशेषतः आतील न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करते. ती या मोजपट्टीवर उमटत नाहीत.

याच भेदाचा एक व्यावहारिक परिणामही आहे. कोविशील्ड घेतलेल्या व्यक्तीच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिडविरोधी प्रतिपिंडे सापडली, तर तिला प्रत्यक्ष संसर्ग होऊन गेला असे अनुमान काढता येते. कोव्हॅक्सिन घेतलेल्या व्यक्तीबाबत तसे सांगता येत नाही, कारण ती प्रतिपिंडे लशीमुळेही आलेली असू शकतात. अहवाल वाचण्यापूर्वी कोणती लस घेतली आणि चाचणीने नेमके काय मोजले, हे विचारावे लागते ते यासाठीच.

आता प्रत्यक्ष संरक्षणाकडे वळू. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या सुमारे १०,६०० कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. लस घेतलेल्यांत ९३ टक्क्यांहून अधिक जणांनी कोविशील्ड घेतली होती. दोन मात्रांमुळे संसर्गाचा धोका ६५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. रुग्णालयात दाखल होण्यापासूनचे संरक्षण ७७ टक्के, प्राणवायूची गरज भासण्यापासूनचे ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागापासूनचे ९४ टक्के होते. सशस्त्र दलांतील सुमारे १५.९ लाख आरोग्य व आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदींतूनही कोविशील्डमुळे मृत्यूंत ९८ टक्के घट झाल्याचा निष्कर्ष निघाला.

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये कर्मचाऱ्यांना कोव्हॅक्सिन दिली गेली होती. तेथे १५ एप्रिल ते १५ मे २०२१ या काळात, म्हणजे डेल्टा प्रकार ऐन भरात असताना, लक्षणे दिसलेल्या २,७१४ कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. लक्षणयुक्त संसर्गाविरुद्ध दोन मात्रांची परिणामकारकता ५० टक्के आढळली. याच लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत, डेल्टाची लाट येण्यापूर्वी मुख्यत्वे झालेल्या नोंदणीत, २५ केंद्रांवरील २५,७९८ स्वयंसेवकांत ती ७७.८ टक्के आढळली होती. विषाणू बदलला, वेळ बदलली आणि सततचा संपर्क असलेली माणसे तपासली की आकडाही बदलतो.

या साऱ्या आकड्यांतून एक समान सूत्र दिसते. आजार जितका गंभीर, तितके लशीचे संरक्षण भक्कम. सौम्य संसर्ग रोखण्यात ती मध्यम, तर मृत्यू टाळण्यात बलवान ठरली. केवळ रक्तातील प्रतिपिंडे हेच संरक्षण असते, तर ही उतरंड समजावून सांगणे अवघड झाले असते.

दोन शर्यती

या उतरंडीचे स्पष्टीकरण काळाच्या हिशेबात आहे. रक्तातील प्रमुख प्रतिपिंडाचे अर्धायुष्य साधारण तीन आठवडे असते. लशीनंतर प्रारंभी तयार झालेल्या बहुतेक प्रतिपिंडनिर्मात्या पेशी अल्पायुषी असल्याने काही महिन्यांत पातळी घसरते. ही घसरण म्हणजे बिघाड नव्हे. आजवर घेतलेल्या प्रत्येक लशीची प्रतिपिंडे शरीराने शिगेलाच राखायची ठरवली असती, तर रक्ताची दाटी होऊन बसली असती. शरीर म्हणून कृती विसरत नाही. फक्त साठा कमी करते.

विषाणू नाकातून शिरतो तेव्हा पहिली शर्यत श्वासमार्गाच्या अस्तरावर होते. दंडातील इंजेक्शनने रक्तात प्रतिपिंडे भरपूर तयार होतात, पण नाकाच्या ओलसर अस्तरावर ती तोकडी पडतात. पातळी उतरलेली असेल आणि विषाणूने रूप बदललेले असेल, तर ही शर्यत तो जिंकू शकतो. ओमायक्रॉनची लक्षणे सरासरी तीनेक दिवसांतच दिसू लागत. स्मृतिपेशींना जागे होऊन नवी कुमक पाठवण्यास मात्र काही दिवस लागतात. त्यामुळे लस घेऊनही ताप आला, खोकला झाला.

दुसरी शर्यत फुफ्फुसांसाठी असते. आजार गंभीर होण्यास बहुधा आठवडा किंवा अधिक काळ लागतो. तोवर स्मृतिपेशींनी प्रतिपिंडांचा नवा भरणा केलेला असतो आणि टी-पेशींनी बाधित पेशी वेचण्यास प्रारंभ केलेला असतो. ओमायक्रॉनच्या स्पाइकवरील बदलांमुळे प्रतिपिंडांची पकड बरीच सुटली, तरी टी-पेशी विषाणूचे अनेक निरनिराळे तुकडे ओळखत असल्याने त्यांची ओळख मोठ्या प्रमाणात शाबूत राहिली. पहिली शर्यत हरलेले आरोग्यसेवक दुसरी जिंकत होते, ते या स्मृतीच्या बळावर.

ज्यांना आधी संसर्ग होऊन गेला होता, त्यांच्यात लशीच्या एकाच मात्रेनंतर प्रतिपिंडे वेगाने वाढल्याचेही ठिकठिकाणी आढळले. शरीराच्या दृष्टीने ती पहिली ओळख नव्हती, उजळणी होती. पहिल्या लाटेत नकळत बाधित झालेल्या अनेक परिचारिकांचे आकडे सहकाऱ्यांपेक्षा कैक पटींनी जास्त येण्यामागे हेही एक कारण होते. दोन मात्रांमधील अंतराचाही परिणाम होतो. कोविशील्डसाठी प्रारंभी चार आठवड्यांचे असलेले अंतर २२ मार्च २०२१ रोजी सहा ते आठ आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. पहिल्या फळीतील बहुतेकांनी तोवर दोन्ही मात्रा कमी अंतराने घेतल्या होत्या.

कावीळ ब आणि सीमारेषेचा प्रश्न

आरोग्यसेवकांना आकड्याची ओढ लागली, ती विनाकारण नव्हे. रुग्णालयात रुजू होताना त्यांना कावीळ ब या रोगाची लस घ्यावी लागते. तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडे दर मिलिलिटरला १० मिली-आंतरराष्ट्रीय एककांवर आहेत ना, हे पाहिले जाते. पातळी तितकी असली की व्यक्ती सुरक्षित मानली जाते. पुढे आकडा या रेषेखाली घसरला, तरी निरोगी व्यक्तीचे संरक्षण स्मृतीमुळे टिकते, हेही दीर्घ अनुभवाने सिद्ध झाले आहे. रेबीजच्या लशीसाठीही अशीच ०.५ एककांची सर्वमान्य रेषा आहे.

कोरोनाच्या बाबतीत अशी रेषा आखता आली नाही. अधिक प्रतिपिंडे असलेल्या समूहात संसर्ग कमी होतो, हे खरे. परंतु एका व्यक्तीच्या अहवालावर बोट ठेवून ‘येथून पुढे तुम्ही सुरक्षित’ असे म्हणता येईल, अशी पातळी ठरली नाही. विषाणूच वारंवार रूप बदलत असल्याने एका प्रकारासाठी आखलेली रेषा पुढच्या प्रकारासाठी अपुरी पडणार होती. भिन्न कंपन्यांच्या चाचण्या भिन्न एकके वापरत असल्याने दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवणेही अनेकदा निरर्थक होते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९ मे २०२१ रोजी, लसीकरणानंतरची प्रतिकारशक्ती ठरवण्यासाठी या चाचण्यांचा आधार घेऊ नये, असे स्पष्ट केले.

समूहाच्या बाबतीतही मध्य प्रदेशने हाच धडा दिला. जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २१ राज्यांतील ७० जिल्ह्यांत चौथी राष्ट्रीय रक्तजल पाहणी केली. तिच्यात प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण देशभरात ६७.६ टक्के आणि ७,२५२ आरोग्यसेवकांत ८५.२ टक्के होते. राज्यांमध्ये मध्य प्रदेश ७९ टक्क्यांसह सर्वांत वर होता. तरीही जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट तेथे पोहोचलीच. बदलले ते लाटेचे स्वरूप. बाधितांची संख्या फुगली, पण आदल्या वर्षीसारखी प्राणवायूसाठीची धावाधाव झाली नाही. त्या ७९ टक्क्यांनी विषाणूला वेशीवर अडवले नाही, मात्र त्याचा घाव बोथट केला. १० जानेवारी २०२२ पासून आरोग्यसेवकांना दिली गेलेली तिसरी, ‘प्रिकॉशन’ मात्रा हीही उतरलेली पातळी वर नेणारी आणि स्मृतीची उजळणी घडवणारीच होती.

विश्वासाची पातळी

प्रतिपिंडे मोजता येतात. लोकांचा विश्वास मोजणारी चाचणी नाही. भोपाळमध्ये हाही अनुभव आला. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे एक केंद्र या शहरातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात होते. तेथे गॅसपीडित वस्त्यांतील गरीब लोकांना पूर्ण माहिती न देता सहभागी करून घेतल्याचा आरोप जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्या संघटनांनी केला. संबंधितांनी तो फेटाळला. या वादाने एक मूलभूत मुद्दा मात्र ठळक केला. अशा चाचणीत निम्म्या स्वयंसेवकांना लशीऐवजी परिणामशून्य द्रव्य टोचले जाते. हे ज्याला समजलेले नाही, तो आपल्याला लस मिळाली असे समजून निर्धास्त वावरू शकतो. समजून दिलेली संमती हा कागदी सोपस्कार नसून सुरक्षिततेचा भाग आहे, तो यामुळे.

गोमंतकीयांसाठी हा विषय दूरचा नाही. कोव्हॅक्सिनच्या पहिल्या चाचण्या देशातील ज्या मोजक्या रुग्णालयांत झाल्या, त्यांत पेडणे तालुक्यातील धारगळचे रेडकर रुग्णालय होते आणि शेजारच्या बेळगावचे जीवनरेखा रुग्णालयही होते. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्व पात्र प्रौढांना पहिली मात्रा देणाऱ्या राज्यांत गोव्याने स्थान मिळवले, त्यामागे याच आरोग्यसेवकांची पायपीट होती.

आज कोरोना इतर श्वसनविकारांच्या रांगेत येऊन बसला आहे. तरी वृद्ध, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले, कर्करोगावर उपचार घेणारे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्याबाबत सावधगिरी संपलेली नाही. त्यांच्या शरीरात लशीचा प्रतिसाद मुळातच क्षीण असू शकतो. आरोग्यसेवकांवरील अभ्यास मुख्यतः कामकरी वयाच्या, धडधाकट माणसांवर झालेले असल्याने त्यांचे निष्कर्ष या रुग्णांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यांनी पुढील मात्रेचा निर्णय तपासणीच्या आकड्यावरून नव्हे, तर आपल्या डॉक्टरांशी बोलून, वय आणि आजार पाहून घ्यावा.

राहिला प्रश्न त्या दोन परिचारिकांचा. चाळीसवालीला कामावरून घरी बसवण्याचे कारण नव्हते आणि चारशेवालीला मुखपट्टी सैल करण्याची मुभा नव्हती. लशीने दोघींनाही एकच शिदोरी दिली होती. पहिल्या दारात विषाणूला अडवण्याची हमी तिच्यात नव्हती. फुफ्फुसांच्या दारात त्याला ओळखण्याची आठवण मात्र होती. पहिले दार राखण्याचे काम मुखपट्टी, हवेशीर खोली आणि धुतलेले हात यांच्याकडेच राहिले.